लंडनमध्ये अचानक वीतभर बर्फ पडतो तेव्हा कौन्सिल्स नेमकं काय करतात, आणि तरीही शहर का अडतं?

प्रश्न असा आहे: लंडनसारख्या श्रीमंत शहरात जेमतेम वीतभर बर्फ पडला तरी बस, शाळा, कचरागाड्या सगळं एकदम का थांबतं? कौन्सिल्स, म्हणजे तिथल्या स्थानिक नगरपालिका, त्या वेळी काय करत असतात? आणि आणखी गाड्या, आणखी मीठ विकत घेतलं तर हा प्रश्न सुटेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. थोडा सुटेल, पण लोकांना वाटतं तेवढा नाही. ज्या शहरात असा बर्फ दहा-पंधरा वर्षांतून एकदा पडतो, तिथे पहिला कण पडण्याआधीच्या सहा-आठ तासांतच बराचसा निकाल लागलेला असतो. त्यानंतर उरतं ते फक्त ठरवणं: कोणते रस्ते राखायचे आणि कोणते सोडून द्यायचे. अडचण मिठाच्या ढिगापेक्षा तीन गोष्टींत जास्त असते: वेळ, हद्द आणि माणसं.

मीठ बर्फ वितळवायला नसतं

हा गैरसमज इतका पक्का आहे की हिशेबच मांडलेला बरा. ताज्या बर्फाची घनता घनमीटरला साधारण १०० किलो धरा. १५ सेंमीचा थर म्हणजे दर चौरस मीटरवर १५ किलो पाणी. उणे २ अंशांना एवढं पाणी गोठू द्यायचं नसेल तर किलोमागे साधारण ३३ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. उणे ५ ला हाच आकडा सव्वा किलोच्या आसपास जातो. ग्रिटर, म्हणजे मीठ पसरणारी गाडी, प्रत्यक्षात टाकते किती? रात्री नुसतं दव गोठणार असेल तर चौरस मीटरला ८ ते १० ग्रॅम. बर्फाचा अंदाज असेल तर २० ग्रॅम, आणि फार झालं तर दोन फेऱ्यांत मिळून ४०. उणे २ ला लागणाऱ्या मिठाचा बारावा हिस्साही नाही.

मग त्या २० ग्रॅमांचं काम काय? डांबर आणि बर्फ यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा ठेवणं. तव्याला आधी तेल लावलं तर धिरडं अलगद सुटतं. चिकटल्यावर वरून कितीही तेल ओता, उलथन्याने खरवडावंच लागतं. खाली खारं पाणी असेल तर बर्फ रस्त्याला धरत नाही. चाकांखाली त्याचा पातळ चिखल होतो, आणि तो चाकांनी उडतो किंवा प्लाऊच्या, म्हणजे बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगराच्या, पात्याने एका सपाट्यात निघतो. मीठ उशिरा पडलं आणि बर्फ आधीच दाबला गेला असेल, तर तेच मीठ वरच्या थरावर पाण्याची निसरडी साय तयार करतं. काही वेळ तो रस्ता आधीपेक्षा वाईट होतो. दाबून कडक झालेल्या बर्फावर म्हणून मीठ आणि जाड वाळू निम्मी-निम्मी मिसळून टाकतात. वाळूने चाकांना पकड मिळते, शिवाय मिठाचा साठा दुप्पट दिवस पुरतो. तोटा इतकाच की ती वाळू वितळत नाही. आठवड्याने गटारांत जाऊन बसते.

मिठाला आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तापमान. कागदावर मीठ-पाण्याचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं, पण त्यासाठी २३ टक्के मीठ लागतं. रस्त्यावर उणे ७-८ च्या खाली मिठाचं काम इतकं मंदावतं की त्यावर विसंबून चालत नाही. लंडनला ही अडचण क्वचितच येते. दुसरी गोष्ट रहदारी, आणि ती लंडनला फार येते. खाणीतलं मीठ ६ किंवा १० मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांचं असतं. ते चाकांनी चिरडून बर्फात कालवलं जायला हवं. रविवारी मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावर पडलेला खडा आपल्यापुरतं भोक पाडतो आणि तिथेच थांबतो.

खाऱ्या पाण्यात भिजवून टाकलेलं मीठ (वजनाने साधारण ७० टक्के कोरडं, ३० टक्के खारं पाणी) रस्त्याला लवकर धरतं, उसळून कडेला जात नाही आणि लगेच काम सुरू करतं. कोरड्या, वाऱ्याच्या रात्री हा फरक खूप मोठा असतो. मुसळधार बर्फात तेवढा नसतो.

वेळेचं गणित कुठे चुकतं

हिवाळ्यात प्रत्येक कौन्सिलचा एक अधिकारी चोवीस तास ड्युटीवर असतो. दुपारी हवामान सेवेकडून पुढच्या २४ तासांचा रस्त्यापुरता अंदाज येतो. त्यात हवेचं नव्हे, रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान असतं, आणि महत्त्व त्यालाच. निरभ्र रात्री हवा २ अंशांवर असताना डांबर शून्याखाली गेलेलं असतं. अधिकारी संध्याकाळच्या फेरीचा निर्णय घेतो, लिहून ठेवतो आणि ड्रायव्हरांना कळवतो. रात्री अंदाज बदलला तर पुन्हा निर्णय. कोणत्या माहितीवर, किती वाजता, काय ठरवलं ही नोंद पुढे कोर्टात उपयोगी पडते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

निर्णय झाल्यापासून गाडी भरून बाहेर पडायला साधारण एक तास लागतो. एका मार्गावर मीठ टाकून व्हायला दोन ते अडीच तास. म्हणजे पहाटे चारला बर्फ अपेक्षित असेल तर रात्री बाराच्या सुमाराला लोक कामाला लागलेले हवेत. हे जमण्यासारखं आहे. न जमणारा प्रकार वेगळाच आहे: आधी पाऊस, मग बर्फ.

लंडनमध्ये तापमान शून्याच्या आसपासच घुटमळतं, त्यामुळे हे नेहमी होतं. दुपारी मीठ टाकावं तर तीनचा पाऊस ते धुऊन गटारात नेतो. पाऊस थांबायची वाट पाहावी तर पारा तासाभरात कोसळतो, पावसाचा बर्फ होतो आणि तोवर संध्याकाळची गर्दी रस्त्यावर आलेली असते. ग्रिटर त्या गर्दीत इतरांसारखाच अडकतो. दहा गाड्या असल्या तर दहाही अडकतात. ३० जानेवारी २००३ च्या संध्याकाळी लंडनच्या उत्तरेला एम११ मोटरवेवर गाड्या रात्रभर अडकून पडल्या, तो याच जातीचा प्रसंग: घरी परतायच्या वेळेला बर्फ, आणि वाहनांच्या मागे मीठवाल्या गाड्या.

दुसरा घोळ भूगोलाचा. वारा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असेल तर उत्तर समुद्रावरून येणारे बर्फाचे ढग थेम्सच्या मुखातून अरुंद पट्ट्यात आत घुसतात. पट्ट्याखालच्या भागात १५ सेंमी, आणि दहा-बारा किलोमीटरवर जेमतेम शिंतोडे. तो पट्टा नेमका कुठे बसेल हे आदल्या संध्याकाळीही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे शहाणा अधिकारी सेंटिमीटरच्या आकड्याकडे कमी बघतो. चुकलो तर कोणत्या बाजूला चुकणं परवडेल, हे तो आधी ठरवतो. एक फेरी वाया गेली तर काही टन मीठ जातं. एक फेरी चुकली तर पुढचे तीन दिवस जातात.

रस्ता कोणाचा?

लंडनच्या बाबतीत खरी गुंतागुंत इथे आहे. शहरात ३२ बरो (शहराचे प्रशासकीय भाग) कौन्सिल्स आणि वेगळी सिटी ऑफ लंडन, अशा ३३ स्थानिक संस्था आहेत. कडेला लाल रेघा असलेले मोठे रस्ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेकडे: साधारण ५८० किलोमीटर, म्हणजे शहरातल्या रस्त्यांच्या ५ टक्के, पण रहदारी सुमारे एक तृतीयांश. बाकीचे रस्ते बरोंचे. एम२५, एम१, एम४ यांसारखे मोटरवे तिसऱ्याच, राष्ट्रीय संस्थेकडे. प्रत्येकाचं मीठ वेगळं, ठेकेदार वेगळा, मार्गाचा नकाशा वेगळा आणि ‘पहिल्या दर्जाचा रस्ता’ कशाला म्हणायचं याची व्याख्याही वेगळी.

बसला या हद्दी दिसत नाहीत. तिचा मार्ग लाल रस्त्यावर सुरू होतो, दोन बरोंमधून जातो आणि तिसऱ्यात संपतो. त्यातला चारशे मीटरचा एक चढ कोणाच्याच पहिल्या यादीत नसला, तर मार्गच बंद. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे बस आगाराच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा तुकडा. तो बहुधा एखाद्या साध्या गल्लीचा असतो, बरोच्या यादीत खालचा. तिथे मीठ पडलं नाही तर पुढचा लाल रस्ता काळाभोर, स्वच्छ असूनही बस फाटकातच.

१ फेब्रुवारी २००९ च्या रविवारी रात्री आणि २ तारखेला हे सगळं एकत्र आलं. फेब्रुवारी १९९१ नंतर, म्हणजे १८ वर्षांनी, लंडनवर एवढा बर्फ पडत होता. रात्री बस घसरू लागल्या, चढांवर आडव्या झाल्या, आणि शेवटी शहराची सगळी बससेवा मागे घेण्यात आली. ताफा त्या वेळी सुमारे ८,००० बसचा. सोमवारी सकाळी लाखो लोकांना कामावर जायला वाहन नव्हतं. लंडन असेंब्लीच्या वाहतूक समितीने नंतर चौकशी केली.

त्या रात्रीच्या निर्णयातली मेख समजून घ्यायला हवी. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी बस थांबवणं त्या क्षणी बरोबरच वाटतं. पण मिठाला चाकं लागतात हे आठवा. रात्रीच्या बस हीच लंडनच्या मुख्य रस्त्यांवरची रात्रीची जड रहदारी. त्या उचलल्या की टाकलेलं मीठ निपचित पडतं, बर्फ साचतो, आणि पहाटे बस सोडायच्या म्हटलं तर रस्ता आता खरोखरच बंद असतो. म्हणून सगळं चालू किंवा सगळं बंद अशी निवड करायची नसते. चढाचे आणि गल्लीबोळांतले मार्ग लवकर तोडायचे, सपाट मुख्य मार्गांवर बस हळूहळू चालू ठेवायच्या, आणि हे कुठल्या थांब्यावर तोडायचं ते ऑक्टोबरातच कागदावर ठरवायचं.

भुयारी रेल्वेवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक टीप. अंडरग्राउंडचा निम्म्याहून जास्त मार्ग जमिनीवर आहे. तिथे विजेच्या रुळांवर बर्फ धरला की गाडीला वीज मिळत नाही. व्हिक्टोरिया लाइन पूर्ण बोगद्यात, तिला बर्फ शिवत नाही. पण तिच्याही गाड्या रात्री नॉर्थम्बर्लंड पार्कच्या उघड्या डेपोत उभ्या असतात.

हद्दींवरचा उपाय महागडा नाही. सगळ्यांनी मिळून एक किमान जाळं ठरवायचं: रुग्णालयं, अग्निशमन आणि रुग्णवाहिका केंद्रं, बस आगारं, मीठ ज्या डेपोत आहे तिथला रस्ता, आणि यांना जोडणारे मार्ग. हद्दीपाशी गाडी वळवायला जागा नसेल तर शेजाऱ्याच्या हद्दीत पाचशे मीटर आत जाऊन मीठ टाकायचं, बदल्यात तो दुसऱ्या टोकाला तुमचा तुकडा करेल. असे करार कागदावर दोन पानांचे असतात, आणि ऐन वेळी त्यांचा उपयोग नव्या ग्रिटरपेक्षा जास्त होतो.

मीठ किती ठेवायचं

समजा एका बरोच्या पहिल्या दर्जाच्या जाळ्याची लांबी १५० किलोमीटर, सरासरी रुंदी ७ मीटर. चौरस मीटरला २० ग्रॅमने एका किलोमीटरला १४० किलो आणि एका फेरीला २१ टन मीठ लागतं. नऊ टन मीठ मावणारी गाडी ६४ किलोमीटर पुरते. दर ४० ग्रॅम केला की ३२. म्हणजे तीन गाड्यांत एक फेरी होते, पण जोराचा बर्फ पडत असताना एक फेरी म्हणजे काहीच नव्हे.

२००९-१० च्या लांबलेल्या थंडीत देशभर मीठ संपत आलं. ब्रिटनचं रस्त्याचं मीठ मुख्यतः चेशरमधल्या विन्सफर्ड, यॉर्कशर किनाऱ्यावरच्या बोल्बी आणि उत्तर आयर्लंडमधल्या किलरूट या खाणींतून येत होतं. खाणी रात्रंदिवस चालवल्या तरी सगळ्यांची मागणी एकाच आठवड्यात आल्यावर त्या पुरणार कशा? कोणाला किती मीठ द्यायचं हे ठरवायला सरकारने ‘सॉल्ट सेल’ नावाचा गट कामाला लावला, आणि जानेवारी २०१० मध्ये वापर आधी २५ टक्के, मग आणखी कमी करायला सांगितलं. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या समितीने २०१० मध्ये निकष सुचवला: हंगामाच्या सुरुवातीला १२ दिवसांच्या ४८ फेऱ्यांना पुरेल इतका साठा हवा. त्याआधी सहा दिवसांची शिफारस होती. वरच्या बरोला ४८ फेऱ्यांसाठी साधारण हजार टन लागतील. एवढा ढीग झाकून ठेवायला मोठी शेड आणि पुढे लोडर फिरायला अंगण लागतं. लंडनमध्ये मिठापेक्षा ती जागा महाग पडते.

झाकून ठेवणं ऐच्छिक नाही. उघड्यावर पावसाने मीठ झिरपून जातं, वरचा थर दगडासारखा होतो, आणि ओलावा चार टक्क्यांच्या वर गेला की पसरणाऱ्या चकतीला ते सारखं सोडता येत नाही: कुठे गठ्ठा, कुठे काहीच नाही. यंत्राचं मोजमाप तपासलेलं नसेल तरी हेच होतं. डॅशबोर्ड २० ग्रॅम म्हणतो, रस्त्यावर १२ किंवा ३५ पडतात. हंगामापूर्वी प्रत्येक गाडी उभी करून, ठराविक वेळेत पडलेलं मीठ तोलून बघणं हे कंटाळवाणं काम आहे. टाळणाऱ्याचा साठा जानेवारीत अचानक ‘कमी भरतो’.

प्लाऊ आणि लंडनची गल्ली

बर्फ पाच-सात सेंमीच्या वर गेला की नुसत्या मिठाने भागत नाही, पातं लावावं लागतं. पातं रस्त्याला टेकवून चालवता येत नाही. वर आलेली मॅनहोलची झाकणं, गतिरोधक, मधले बेट-दुभाजक यांवर ते आदळलं तर पातं, झाकण आणि ड्रायव्हरची पाठ, तिन्ही जातात. म्हणून ते एक-दोन सेंमी उचलून चालवतात, किंवा खाली रबरी पट्टी बसवतात. जो एक-दोन सेंमीचा थर मागे राहतो, तो त्याच गाडीच्या मागच्या मिठाने सुटतो. नांगरणी आणि मीठ एकाच फेरीत व्हायला हवं ते यामुळे.

बाजूला सारलेला बर्फ नाहीसा होत नसतो. पात्याने त्याची वरंब्यासारखी रांग कडेला लागते: बस थांब्यापुढे, झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडाशी, गल्लीच्या मुखावर. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्त्यावरचा १५ सेंमी बर्फ ताजा असताना शंभर टनांवर भरतो. तो उचलून नेण्याची सोय मॉन्ट्रियलसारख्या शहरात असते. तिथे भोंगे वाजवून गाड्या हलवायला लावतात, न हलवल्या तर ओढून नेतात, ट्रकांच्या रांगा बर्फ ठरलेल्या जागी नेऊन टाकतात. शिवाय क्युबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. लंडनमध्ये यातलं काहीच नाही, आणि दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणाऱ्या बर्फासाठी तो खर्च कोणी मंजूरही करणार नाही. बरोबरच आहे ते.

राहत्या गल्ल्यांत तर प्लाऊ जाऊच शकत नाही. साडेसात मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असल्या की मध्ये सव्वातीन-साडेतीन मीटर उरतात. तिथे तीन मीटरचं पातं घातलं तर बर्फ कोणाच्या तरी दारावर जाणार. अठरा टनी ग्रिटरने मीठ टाकलं तर निम्मं गाड्यांच्या टपांवर. टपांना गोठण्यापासून उत्तम संरक्षण मिळतं. या गल्ल्यांसाठी छोट्या पिकअपवर बसवायचं अर्ध्या-एक घनमीटरचं यंत्र उपयोगी, पण तेही मुख्य जाळं झाल्यावर. ‘आमच्या गल्लीत कोणी आलंच नाही’ ही तक्रार खरी असते, आणि बहुतेक वेळा तो विसर नसून निर्णय असतो.

माणसं

ग्रिटर चालवायला जड वाहनाचा परवाना आणि हिवाळी कामाचं प्रशिक्षण लागतं. देशांतर्गत नियमांप्रमाणे दिवसाला १० तास ड्रायव्हिंग आणि एकूण ११ तास काम ही मर्यादा. आणीबाणीत सरकार ती तात्पुरती सैल करतं, पण झोपेची गरज सैल होत नाही. एका गाडीला सलग चालवायचं तर किमान तीन ड्रायव्हर हवेत. पहिल्या रात्री उत्साहात सगळ्यांना बोलावून घेणं ही नेहमीची चूक. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या उभ्या, मीठ पडून, आणि गाडी चालवायला कायद्याने मोकळा माणूस नाही.

त्यात शाळांचा परिणाम येतो. शाळा बंद ठेवायची की नाही हे मुख्याध्यापक ठरवतात. शिक्षक दूरवर राहतात, पोचू शकत नाहीत, म्हणून शाळा बंद होते. शाळा बंद झाली की बस ड्रायव्हर, नर्स, कचरागाडीवरचा माणूस मुलांपाशी घरी थांबतो. म्हणून शाळांना निर्णय पहाटे सहापर्यंत कळवायला सांगावं, आणि डेपोच्या माणसांसाठी डेपोजवळ रात्रीची झोपायची सोय आदल्या संध्याकाळीच करावी. चार खाटा आणि गरम जेवण. ही गोष्ट आपत्कालीन आराखड्यात शेवटच्या पानावर असते. ती पहिल्यावर हवी.

फुटपाथ

माणसं मोडतात ती फुटपाथवर. पहिल्या दिवशी भुसभुशीत बर्फावर पाय रुततो, घसरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो तुडवून काचेसारखा झाला की मनगटं आणि खुब्याची हाडं मोडायला सुरुवात होते.

हाताने काढायचं म्हटलं तर दीड मीटर रुंद फुटपाथच्या दर शंभर मीटरला, दहा सेंमी बर्फ असेल तर, पंधरा घनमीटर, म्हणजे ताजा असताना दीड टन. सगळे फुटपाथ कोणतीच कौन्सिल करू शकत नाही. झाडूवाले आणि कचरा उचलणारे हेच तिचं खरं मनुष्यबळ. कचरागाड्या २६ टनी, उतारावर न थांबणाऱ्या, त्यामुळे त्या दिवशी बाहेर काढायच्याच नसतात. ती माणसं फावडी आणि हातगाड्यांसह रुग्णालयाच्या वाटा, स्टेशनची तोंडं, बाजाराचे रस्ते, वृद्धाश्रमांपुढची जागा इथे लावायची. कचरा रद्द झाला म्हणून आरडाओरडा होतो, पण तो माणसं वळवण्यासाठीच रद्द झालेला असतो. ते सांगायचं मात्र बहुतेक कौन्सिल्स विसरतात.

आपल्या दारापुढचा फुटपाथ झाडला आणि कोणी घसरलं तर आपल्यावर दावा होईल, ही भीती ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं पसरलेली होती. झाडायला मनाई करणारा कायदा नाही, आणि काळजीपूर्वक झाडणाऱ्यावर दावा होण्याची शक्यता फारच कमी. सरकारने २०१० मध्ये ‘स्नो कोड’ काढला तो याचसाठी. त्यातलं कामाचं एवढंच: बर्फ ताजा असतानाच काढा, आधी मधोमध एक वाट करा, मग कडा, चौरस मीटरला साधारण एक मोठा चमचा मीठ टाका, काढलेला बर्फ गटाराच्या तोंडावर किंवा रस्त्यावर ढकलू नका, गरम पाणी कधीही ओतू नका, ते तासाभरात काच होतं. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेट्यांतलं मीठ सार्वजनिक वाटांसाठी असतं, घराच्या आवारासाठी नाही, आणि ते कसं वापरायचं याची पाटी पेटीवर असेल तर पेटी जास्त दिवस पुरते.

कायदा थोडक्यात

रस्त्याची देखभाल म्हणजे बर्फ हटवणंही आलं का, यावर हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) २००० मध्ये ईस्ट ससेक्स काउंटीच्या खटल्यात ‘नाही’ असं सांगितलं. मग २००३ मध्ये १९८० च्या हायवेज ॲक्टच्या ४१ व्या कलमात भर घालण्यात आली: वाजवी प्रयत्नांत शक्य असेल तिथवर, बर्फामुळे रस्त्यावरची ये-जा धोक्यात येऊ नये हे पाहणं संस्थेचं कर्तव्य आहे. ‘वाजवी प्रयत्न’ म्हणजे काय, हे पुढे कौन्सिलच्या छापील आराखड्यावरून आणि ड्युटी अधिकाऱ्याच्या नोंदवहीवरून ठरतं. आराखड्यात अमुक रस्ता रात्री करू असं लिहून तो न करणं हे, तो यादीतच नसण्यापेक्षा वाईट. म्हणून आराखड्यात जमेल तेवढंच लिहावं.

रस्त्यापलीकडची कामं थोडक्यात सांगतो. घरी जाऊन सेवा देणाऱ्या मदतनिसांची यादी धोक्याच्या क्रमाने लावलेली हवी: इन्सुलिन किंवा ऑक्सिजनवर असलेल्या माणसाकडे आज पोचायचंच, घरकामाची मदत उद्यावर गेली तरी चालेल. त्यासाठी चारचाकी जोर असलेल्या गाड्या कोणाकोणाकडे आहेत याचे फोन नंबर आधी तपासून ठेवावेत. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी लंडनमध्ये आता एका रात्रीपुरता जरी शून्य किंवा त्याखालचा अंदाज असला तरी आणीबाणीचे निवारे उघडतात.

तिसरा दिवस आणि नंतर

बातम्या पहिल्या दिवसाच्या असतात, अपघात तिसऱ्याचे. दुपारी ऊन पडतं, कडेचे ढीग वितळतात, पाणी रस्त्यावर आडवं वाहतं आणि रात्री गोठतं. यालाच काळा बर्फ म्हणतात: डांबराच्या रंगाचा, न दिसणारा. पाणी कुठून आडवं येतं ती ठिकाणं (पुलाखालची वळणं, चढाचे पायथे, बंद गटाराशेजारचे कोपरे) फोरमनला तोंडपाठ असतात. त्या रात्री आकाश निरभ्र असेल तर पूर्ण जाळ्यापेक्षा तेवढी ठिकाणं भरघोस करणं जास्त उपयोगी.

मग वाळू झाडून घ्यायची, नाही तर पहिल्याच पावसात गटारं तुंबतात. भेगांत शिरून गोठलेलं पाणी डांबर फोडतं, त्यामुळे दोन आठवड्यांत खड्ड्यांची यादी येते. ते पैसे बर्फाच्या खात्यात धरलेले नसतात. ग्रिटर धुवायचे, नाही तर मीठ चेसिस खातं. पेट्या भरायच्या, आणि पुढची थंडीची लाट यायच्या आत खाणीकडे मागणी नोंदवायची, कारण त्याच आठवड्यात देशातली प्रत्येक कौन्सिल तेच करत असते.

आणखी पैसे मिळालेच तर कशावर घालावेत? मोठे ग्रिटर सर्वांत शेवटी. आधी फुटपाथसाठी हाताने ढकलायची मीठयंत्रं आणि खाऱ्या पाण्याची टाकी. मग पिकअपवर चढवता-उतरवता येणारी यंत्रं, जी उरलेलं वर्ष गाडी मोकळी ठेवतात. त्यानंतर ड्रायव्हरांची दुसरी आणि तिसरी पाळी, म्हणजे बागा आणि कचरा विभागातल्या परवानाधारकांना ऑक्टोबरात दोन दिवस गाडीवर बसवून, रात्रीच्या अंधारात मार्ग फिरवून आणणं. दिवसा पाठ झालेला मार्ग पहाटे तीनला, बर्फाने दुभाजक झाकलेले असताना, ओळखू येत नाही.